एकाच बिडाचे चार स्वभाव

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित वसाहतीतल्या चांगल्या फौंड्रीत रस साच्यात ओतण्याआधी एक छोटी चाचणी होते. भट्टीतून पळीभर रस काढतात आणि पाचरीच्या आकाराच्या लहानशा साच्यात ओततात. गोठला की चिमट्याने उचलून पाण्यात विझवतात आणि हातोड्याने मोडतात. मोडलेली कड उजेडात धरून भट्टीवरचा माणूस बघतो. पाचरीच्या निमुळत्या टोकाकडे ती पांढरी, चकचकीत असते. जाड बुडाकडे राखाडी आणि मंद. पांढरा पट्टा किती रुंद आहे ते पाहून तो ठरवतो, की रस जाऊ द्यायचा, का त्यात आणखी थोडं फेरोसिलिकॉन टाकायचं.

या तुकड्याची प्रयोगशाळेत तपासणी केली तर दोन्ही बाजूंना कार्बन तेवढाच निघेल, सिलिकॉन तेवढंच, मँगनीजही तेवढंच. भट्टी एक, रस एक, ओतण्याची वेळ एक. तरीही पांढऱ्या टोकावर कानस घसरते आणि राखाडी भागात ड्रिल सहज उतरतं. दोन-तीन सेंटिमीटरच्या अंतरात दोन वेगळे पदार्थ तयार झालेले असतात.

एखादी वस्तू कशाची बनली आहे हे कळलं म्हणजे तिचे गुणधर्म कळले, असं आपण शाळेपासून धरून चालतो. तांबं असं, लोखंड तसं. पदार्थविज्ञानाची खरी सुरुवात मात्र त्याच्या पुढच्या प्रश्नापासून होते: त्याच अणूंची आत मांडणी कशी झाली आहे? हा प्रश्न समजून घ्यायला कोल्हापूरइतकी सोयीची जागा क्वचितच असेल. उद्यमनगरातल्या वर्कशॉपांतून ऑइल इंजिनं आणि पंप बनायला लागले तेव्हापासून हे शहर बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वितळवत आलं आहे. आज इथल्या शेकडो फौंड्र्यांतून ट्रॅक्टर, ट्रक, पंप आणि मशिन टूल्सचे भाग देशभर आणि देशाबाहेर जातात. त्या सगळ्यांमागे एकाच मिश्रधातूचे चार स्वभाव आहेत.

जादा कार्बन जातो कुठे?

शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळतं. जुन्या काळातल्या भट्ट्यांना एवढं तापमान गाठणं अवघड होतं, म्हणून जगात बहुतेक ठिकाणी लोखंड वितळवलंच जात नसे. लालबुंद गोळा ठोकून ठोकून घडवला जाई. लोखंडात कार्बन मुरला की मात्र वितळणबिंदू झपाट्याने उतरतो. ४.३ टक्के कार्बन असेल तर तो सुमारे ११५० अंशांवर येतो, म्हणजे जवळपास चारशे अंशांची सूट मिळते. या सवलतीचा फायदा चिनी कारागिरांनी ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकाच्या सुमारास उचलला आणि लोखंड साच्यात ओतायला सुरुवात केली. युरोपात हे तंत्र फार उशिरा रुजलं. १७०९ मध्ये इंग्लंडमधल्या कोलब्रुकडेल इथे अब्राहम डार्बीने लाकडी कोळशाऐवजी कोक वापरून लोखंड गाळलं आणि बीड स्वस्त झालं.

कार्बन साधारण दोन टक्क्यांच्या आत असेल तर ते पोलाद, त्याच्या वर गेला की बीड. कोल्हापुरात ओतल्या जाणाऱ्या नेहमीच्या राखाडी बिडात सव्वातीन टक्क्यांच्या आसपास कार्बन आणि दोन टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असतं. वितळलेल्या लोखंडात एवढा कार्बन सहज विरघळतो. गोठल्यावर अडचण होते. घट्ट लोखंडाला ११५० अंशांच्या आसपास फार तर दोन टक्के कार्बन पोटात ठेवता येतो आणि थंड होत गेलं की तेवढाही ठेवता येत नाही. मग उरलेल्या कार्बनला कुठेतरी जावंच लागतं.

त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे लोखंडाच्या तीन अणूंमागे कार्बनचा एक अशी जोडी जमवून सिमेंटाइट नावाचं अतिशय कठीण, ठिसूळ संयुग बनवायचं. दुसरी म्हणजे लोखंडापासून फारकत घेऊन ग्रॅफाइट व्हायचं. पेन्सिलीत असतं तेच मऊ, काळं ग्रॅफाइट.

ऊर्जेच्या हिशेबाने ग्रॅफाइट अधिक स्थिर. पण ग्रॅफाइट होण्यासाठी कार्बनच्या अणूंना लांबून वाट काढत एकत्र यावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. सिमेंटाइटसाठी तेवढी पायपीट नाही. म्हणून रस झपाट्याने गोठला तर सिमेंटाइट होतं आणि मोडलेली कड पांढरी दिसते. सावकाश गोठला तर ग्रॅफाइट होतं आणि कड राखाडी दिसते. पाचरीचं टोक बारीक असल्यामुळे लवकर थंडावतं, बूड जाड असल्यामुळे उशिरा. चाचणीचा सगळा अर्थ एवढ्यात आहे.

पांढरं केव्हा हवं, केव्हा नको

पाचरीसारखाच प्रकार कास्टिंगमध्येही घडतो. इंजिनच्या सिलिंडरच्या पातळ फिन, कव्हरच्या कडा, बारीक बरगड्या आधी गोठतात आणि त्या पांढऱ्या पडण्याची भीती असते. राखाडी बिडाची कठीणता ब्रिनेल मापाने साधारण १८० ते २४० असते. पांढऱ्याची ४०० च्या पुढे जाते. असा भाग मशिन शॉपमध्ये गेला की टूलची धार बसते, ऑपरेटर ‘हार्ड लागतंय’ म्हणून ओरडतो आणि सगळी लॉट परत येते.

हे टाळण्यासाठी सिलिकॉन कामी येतं. सिलिकॉन कार्बनला लोखंडाशी जोडी जमवू देत नाही, ग्रॅफाइटच्या वाटेला लावतं. म्हणून फौंड्रीत कार्बन आणि सिलिकॉन यांचा एकत्र हिशेब मांडतात: कार्बनच्या टक्क्यांत सिलिकॉन आणि फॉस्फरसच्या बेरजेचा तिसरा हिस्सा मिळवायचा. ३.३ टक्के कार्बन आणि २.१ टक्के सिलिकॉन असेल, तर फॉस्फरस नगण्य धरून ही बेरीज ४.० होते. ती ४.३ च्या जितकी जवळ तितका रस पातळ आणि साच्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचणारा. त्यापासून जितकी खाली तितकं बीड ताकदवान, पण पांढरं पडण्याचा धोका जास्त. पातळ कास्टिंगला एक गणित, जाड कास्टिंगला दुसरं.

याला जोड असते इनॉक्युलेशनची. रस भट्टीतून लेडलमध्ये घेताना किंवा थेट साच्यात पडताना कॅल्शियम, बेरियमसारखी मूलद्रव्यं असलेल्या फेरोसिलिकॉनचे बारीक दाणे टाकतात. प्रमाण अगदी थोडं, वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पण त्यातून ग्रॅफाइटला वाढ सुरू करायला हजारो सूक्ष्म बीजं मिळतात. या बीजांचं आयुष्य काही मिनिटांचं. दाणे टाकून लेडल अडकून पडली तर परिणाम ओसरतो आणि रासायनिक तपासणीचा कागद चोख असूनही कास्टिंग बिघडतं.

पांढरं बीड वाईट असतं असं मात्र नाही. १८०३ मध्ये इंग्लंडच्या रॉबर्ट रॅन्सम याने नांगराच्या फाळाचं पेटंट घेतलं. फाळ ओतताना त्याने खालच्या बाजूला वाळूऐवजी लोखंडी साचा ठेवला. लोखंड उष्णता भराभर ओढून घेतं, त्यामुळे खालची बाजू पांढरी आणि कठीण झाली, वाळूकडची वरची बाजू राखाडी आणि मऊ राहिली. जमिनीत चालताना वरची बाजू आधी झिजते, खालची टिकते आणि फाळाला आपोआप धार राहते. झीज सोसायची असेल तिथे आजही मुद्दाम पांढरं बीड ओततात. बॉल मिलमधले गोळे, क्रशरचे भाग ही त्याची उदाहरणं.

टोकदार पापुद्र्यांचं गणित

आता राखाडी बिडाकडे येऊ. त्यातलं ग्रॅफाइट वाकड्यातिकड्या पापुद्र्यांच्या रूपात पसरलेलं असतं. वजनात ते तीनेक टक्केच, पण ग्रॅफाइटची घनता लोखंडाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी असल्याने आकारमानात ते दहा टक्क्यांच्या जवळ जातं. ग्रॅफाइटला स्वतःची ताकद जवळपास नाही. म्हणजे ओढण्याच्या जोराच्या दृष्टीने राखाडी बीड हे हजारो बारीक फटी असलेलं लोखंड आहे.

फट असली तर काय बिघडतं, हे शाम्पूच्या पुडीला कडेला दिलेली खाच दाखवून देते. खाच नसेल तर पुडी हाताने फाटता फाटत नाही; खाच असली की चिमटीत फाटते. खाचेमुळे प्लास्टिक फारसं कमी झालेलं नसतं. ओढण्याचा सगळा ताण तिच्या टोकावर गोळा झालेला असतो. इंग्रज अभियंता चार्ल्स इंग्लिस याने १९१३ मध्ये याचं गणित मांडलं. पत्र्याला गोल भोक असेल तर त्याच्या कडेवरचा ताण तिप्पट होतो. भोक लंबगोल असेल आणि रुंदीच्या दहापट लांब असेल, तर त्याच्या टोकावरचा ताण एकवीसपट होतो. १९२० च्या सुमारास ए. ए. ग्रिफिथने याच धाग्यावरून पदार्थ तुटतात कसे याचा सिद्धांत रचला.

राखाडी बिडातला प्रत्येक पापुद्रा अशी लांबट फट असतो. म्हणून हे बीड ओढलं की फारसं न ताणता तुटतं. भारतीय मानकाप्रमाणे त्याच्या प्रतींना एफजी १५०, २००, २६०, ३०० असे आकडे असतात. एफजी २६० म्हणजे दर चौरस मिलिमीटरला २६० न्यूटन ओढ सहन करणारं. नखाएवढ्या एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे २.६ टनांचा भार झाला. हा आकडा मोठा वाटला तरी तुटण्याआधीची लांबी एक टक्काही वाढत नाही. पूर्वसूचना न देता मोडणारा हा धातू.

दाबाखाली मात्र चित्र पालटतं. दाबल्यावर फटी मिटतात, टोकांवर ताण साचत नाही आणि हेच बीड ओढीच्या तिप्पट-चौपट भार पेलतं. हा फरक न ओळखल्याची किंमत इंग्लंडने १८४७ मध्ये मोजली. चेस्टरजवळ डी नदीवरचा रेल्वे पूल रॉबर्ट स्टिफन्सनच्या आराखड्याप्रमाणे बिडाच्या तुळयांवर उभा होता. तुळई वाकली की तिची खालची बाजू ओढली जाते. २४ मे १८४७ ला गाडी जात असताना एक तुळई मोडली आणि पाच माणसं गेली. उलट मुंबईत काळा घोड्याजवळ १८६० च्या दशकात उभ्या राहिलेल्या वॉटसन हॉटेलचे खांब बिडाचेच. त्यांचे भाग इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आणले होते. खांबावर दाब येतो, म्हणून तिथे बीड शोभतं.

ज्या पापुद्र्यांनी ओढीची ताकद घालवली, त्यांनीच राखाडी बिडाला दुसऱ्या बाजूने काही गुण दिले. कंप आत शिरले की पापुद्र्यांपाशी विरून जातात. लेथचे बेड बिडाचे असतात ते यासाठी. ग्रॅफाइट उष्णता चांगली वाहून नेतं, म्हणून ब्रेक डिस्क राखाडी बिडाची. मशिनिंग करताना पापुद्र्यांपाशी चिप तुटते, टूल लवकर बसत नाही. ऑइल इंजिनच्या लायनरमध्ये पिस्टन वरखाली होताना ग्रॅफाइट स्वतः वंगण होतं आणि त्याच्या खळग्यांत तेलही टिकतं. कोल्हापुरी इंजिनांनी विहिरींवर वर्षानुवर्षं पाणी उपसलं, त्यात या मऊ काळ्या पापुद्र्यांचा वाटा मोठा होता.

साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात आणखी एक उदाहरण रोज चालतं. ऊस पिळणाऱ्या रोलरवर बिडाचं जाड कवच असतं. तिथे मुद्दाम भरड रव्याचं बीड लागतं. बारीक रव्याचं बीड घासून गुळगुळीत होतं आणि ऊस त्यावरून घसरतो. भरड रवा झिजताना खडबडीत राहतो आणि चिपाड पकडून आत ओढतो. हे कवच पोलादी शाफ्टवर बसवताना धातूचा आणखी एक साधा गुण कामाला येतो. अर्धा मीटर व्यासाचं भोक असलेलं कवच २०० अंशांनी तापवलं की भोक एक मिलिमीटरच्या आसपास मोठं होतं. तेवढ्या वेळात शाफ्ट आत सरकवायचा. थंड झाल्यावर कवच आवळून बसतं.

चिमूटभर मॅग्नेशियम

पापुद्र्याचं टोक हा दोष असेल, तर टोकच काढून टाकावं, हे सुचायला सोपं आणि साधायला अवघड होतं. अमेरिकेत इंटरनॅशनल निकेल कंपनीत कीथ मिलिस दुसऱ्या महायुद्धाच्या काळात झीज सोसणाऱ्या पांढऱ्या बिडात क्रोमियमऐवजी काय टाकता येईल हे शोधत होता. क्रोमियमची टंचाई होती. १९४३ मध्ये त्याने मॅग्नेशियम वापरून पाहिलं. सूक्ष्मदर्शकाखाली ग्रॅफाइटचे पापुद्रे नव्हतेच. त्यांच्या जागी गोल गोळ्या होत्या. १९४८ मध्ये फिलाडेल्फियातल्या फौंड्री तंत्रज्ञांच्या अधिवेशनात ब्रिटनच्या हेन्टन मॉरो याने सेरियमने गोल ग्रॅफाइट मिळवल्याचं सांगितलं आणि त्याच सभेत निकेल कंपनीच्या माणसांनी मॅग्नेशियमची पद्धत जाहीर केली. पुढच्याच वर्षी तिचं पेटंट झालं. आपल्याकडे फौंड्रीत या बिडाला ‘एसजी’ म्हणतात. पाणीपुरवठा योजनेच्या ‘डीआय’ पाइपातही तेच असतं.

पत्र्यातल्या भोकाऐवजी धातूच्या आतल्या चेंडूसारख्या पोकळीभोवती ताण दुपटीच्या आसपासच वाढतो. त्यामुळे साच्यातून निघालेला धातू मोडण्याआधी चक्क ताणला जातो. एसजी ५००/७ या प्रतीतला पहिला आकडा ताकदीचा, दुसरा लांबीचा: ५०० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आणि तुटण्याआधी सात टक्के वाढ. कार्बन आणि सिलिकॉन थेट राखाडी बिडाच्या पंगतीतले, पण वागणूक पोलादाकडे झुकणारी. त्यामुळे क्रँकशाफ्ट, ट्रॅक्टरच्या अॅक्सलची हाउसिंग, ट्रकचे ब्रॅकेट असे भाग ओतून करता येऊ लागले.

यासाठी अंतिम कास्टिंगमध्ये मॅग्नेशियम लागतं ०.०३ ते ०.०५ टक्के. पाचशे किलोच्या लेडलमागे दोनशे ग्रॅमच्या आसपास. एवढंच, पण ते आत टिकवणं जिकिरीचं. मॅग्नेशियम १०९० अंशांना उकळतं आणि रस असतो १४०० च्या वर. नुसतं टाकलं तर ते वाफ होऊन डोळे दिपवणाऱ्या झोताने उडून जातं. म्हणून ते फेरोसिलिकॉनमध्ये मिसळून लेडलच्या तळातल्या खळग्यात ठेवतात, वर पोलादाचे तुकडे पसरतात आणि मग रस घेतात. तरी निम्मंअधिक वाया जातं. उरलेलंही हळूहळू निसटत असतं. दहा-बारा मिनिटांत ओतणं आटोपलं नाही तर गोळ्या पुन्हा वेड्यावाकड्या होऊ लागतात.

गंधक हा मॅग्नेशियमचा वैरी. आधी गंधकाशी जोडी जमवून मगच मॅग्नेशियम कार्बनकडे वळतं. जुन्या क्युपोला भट्टीत लोखंड जळत्या कोकच्या संपर्कात वितळे, त्यामुळे कोकमधलं गंधक रसात उतरे. इंडक्शन भट्टीत कोकच नसतो. पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या वेटोळ्यातून वीज फिरते आणि तिच्या चुंबकीय क्षेत्रामुळे लोखंडाच्या आत प्रवाह निर्माण होऊन ते स्वतःच तापतं. क्युपोलाकडून इंडक्शनकडे झालेल्या बदलामुळे धूर कमी झाला, हे सगळ्यांना दिसलं. गंधक कमी झाल्यामुळे एसजीची वाट मोकळी झाली, हे फौंड्रीबाहेर कमी जणांना ठाऊक आहे. गंमत अशी, की राखाडी बिडाला थोडं गंधक हवंच असतं. ०.०५ टक्क्यांच्या खाली ते गेलं की पापुद्र्यांना बीजं मिळत नाहीत. म्हणून इंडक्शन भट्टीतून राखाडी बीड ओतताना काही जण गंधक मुद्दाम वरून देतात. एका बिडाचं विष दुसऱ्याचं औषध ठरतं ते असं.

गोळ्या झाल्या की नाही हे कानालाही कळतं. एसजीचा तुकडा टांगून ठोकला की खणखणतो, राखाडीचा बद्द आवाज येतो. यंत्राने हेच मोजायचं तर अल्ट्रासोनिक लहरींचा वेग बघतात. चांगल्या एसजीत तो सेकंदाला साडेपाच हजार मीटरच्या वर असतो. पापुद्रे आले की बराच उतरतो.

चौथा स्वभाव मिलिसच्या आधीचा. पांढरं बीड ओतून घ्यायचं आणि मग ९०० अंशांच्या वर बराच काळ तापवत ठेवायचं. सिमेंटाइट फुटतं आणि कार्बनचे गुच्छ तयार होतात; टोकदार नाहीत, पूर्ण गोलही नाहीत. फ्रान्सच्या रेओम्यूरने १७२२ मध्ये तापवून बीड मऊ करण्यावर लिहिलं. अमेरिकेच्या सेथ बॉयडेनने १८२६ च्या सुमारास त्याचा दुसरा प्रकार आणला. याला मॅलिएबल म्हणतात. घरच्या नळाच्या जीआय पाइपांना जोडणारे एल्बो आणि टी बहुतेक याचेच.

साचा आणि भंगार

बिडाचा स्वभाव भट्टीइतकाच साच्यातही ठरतो. कोल्हापूरच्या फौंड्र्यांना सिलिका वाळू घाट उतरून गेल्यावर सिंधुदुर्गातल्या कासार्डे भागातून मिळते, तिला चिकटवणारी बेंटोनाइट माती कच्छमधून येते. त्यात तीन-चार टक्के पाणी आणि थोडी कोळशाची भुकटी. वाळूचे कण म्हणजे क्वार्ट्झ. ५७३ अंशांना क्वार्ट्झची स्फटिकरचना बदलते आणि तो एकदम फुगतो. साच्याचा पृष्ठभाग त्यामुळे सुटला तर कास्टिंगवर खपल्या उठतात. वाळूत पाणी जास्त झालं तर वाफ अडकून ब्लो होल पडतात. पावसाळ्यात कोल्हापुरात वाळू सांभाळणं ही वेगळी कसरत असते.

साच्यात बिडाची आणखी एक करामत दिसते. बहुतेक धातू गोठताना आकसतात. बीडही आकसतं, पण त्याच वेळी बाहेर पडणारं हलकं ग्रॅफाइट जागा व्यापतं आणि आकसणं बरंचसं भरून काढतं. म्हणून पॅटर्न बनवणारा बिडासाठी मीटरला दहा मिलिमीटरच्या आसपास वाढ धरतो, पोलादासाठी जवळपास दुप्पट. साचा नीट ठोकलेला नसेल तर मात्र ग्रॅफाइटचा हाच जोर साच्याच्या भिंती मागे ढकलतो आणि आतून कास्टिंग पोकळ निघतं.

भट्टीत जातं ते गोवा आणि कर्नाटकातून येणारं पिग आयर्न, पत्र्यांची कात्रणं, मशिन शॉपची बोरिंग आणि जुनं भंगार. वितळलं की वस्तूचा आधीचा आकार संपतो. पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई झाली, तेव्हा शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिल्या. त्या वितळवून किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात नांगर ओतले गेले. तोफेचं नांगरात रूपांतर होताना तिची आतली मांडणीही विरघळून गेली, नव्याने गोठली.

भंगारातली भेसळ मात्र वितळून संपत नाही. शिशाचं प्रमाण ०.००५ टक्के झालं, म्हणजे शंभर किलोत पाच ग्रॅम, तरी राखाडी बिडातले पापुद्रे काटेरी होऊन ताकद कोसळू शकते. रंगाचा जुना थर किंवा चुकून आलेला बेअरिंगचा तुकडा एवढं नुकसान करायला पुरतो. भंगार निवडणारी माणसं फौंड्रीत सगळ्यात कमी पगारावर असतात आणि सगळ्यात महाग चूक तिथेच होऊ शकते.

किलोचा भाव, मायक्रॉनची किंमत

या सगळ्याचा निवाडा अखेर सूक्ष्मदर्शकाखाली होतो. कास्टिंगचा लहान तुकडा कापून एमरी पेपरवर घासतात, आरशाइतका चकाकेपर्यंत पॉलिश करतात आणि शंभरपट मोठा करून बघतात. ग्रॅफाइटचे पापुद्रे किंवा गोळ्या थेट दिसतात. मग नायट्रिक अॅसिडचे दोन टक्के अल्कोहोलमध्ये मिसळून त्याचा हलका हात फिरवला की भोवतालच्या लोखंडाची घडणही उमटते: कुठे मऊ फेराइट, कुठे फेराइट आणि सिमेंटाइट यांच्या आलटून-पालटून थरांचं पर्लाइट. फौंड्रीत याला ‘मायक्रो’ म्हणतात.

कोल्हापूरच्या धंद्यातली विसंगती इथे आहे. कास्टिंग किलोवर विकलं जातं. वजनकाटा लोखंड मोजतो. ग्राहकाला मिळतो तो ग्रॅफाइटचा आकार. एक किलो एफजी २०० आणि एक किलो एसजी ५००/७ यांत लोखंड आणि कार्बन जवळपास सारखंच, पण पहिल्याने केलेली हाउसिंग खड्ड्यात आदळून मोडेल तिथे दुसऱ्याने केलेली वाकून तग धरेल. भावात फरक असतो, पण किलोच्या हिशेबाची सवय इतकी मुरली आहे, की घासाघीस अजूनही रुपया-आठ आण्यांच्या दरावर होते आणि मायक्रोचा कागद फाइलला लावण्यापुरता मागवला जातो.

म्हणून कास्टिंग विकत घेणाऱ्या उद्योजकाने दर ठरवण्याआधी मायक्रो मागावा आणि तो स्वतः वाचायला शिकावा. इंजिनिअरिंग आणि पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांनी आकृत्या पाठ करण्याऐवजी शेजारच्या फौंड्रीतून चार तुटके तुकडे आणावेत, घासावेत आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरावेत. पांढरं, राखाडी, एसजी आणि मॅलिएबल अशा चार तुकड्यांत पदार्थविज्ञानाचा अर्धा अभ्यासक्रम आहे, आणि तो कोल्हापुरात भंगाराच्या भावात मिळतो.